थांबता येईल असं काम

"मुलाला एखादं बैठं काम बघा हो." पाठ, मान, सांधे किंवा डोकं वर्षानुवर्षं दुखणाऱ्या मुलांचे आईवडील करिअरचा सल्ला विचारतात तेव्हा सुरुवात बहुधा इथूनच होते. ग्वाल्हेरला झाशी रोडकडच्या हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीत ही समजूत कुठून आली हे कळायला फार खोदावं लागत नाही. इथल्या मराठी घरांत आजोबा शिंदे सरकारच्या दप्तरात, वडील एजी ऑफिसात, आत्या शाळेत, असा क्रम सहज सापडतो. खुर्ची, पंखा, संध्याकाळी वेळेवर घर आणि शेवटी पेन्शन. शरीराला सोसेल असं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेच येतं.

पण बैठं काम सगळ्या दुखण्यांना मानवतं हे कुणी सांगितलं? अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस घ्या. मणक्याचा हा सुजेचा आजार विशी-तिशीतच डोकं वर काढतो. यात पहाटे कंबर लाकडासारखी होते, अर्धा तास-तासभर हलवत नाही, आणि हिंडायला-फिरायला लागलं की मोकळी होते. विश्रांतीनं हे दुखणं वाढतं आणि हालचालीनं कमी होतं. अशा मुलाला आठ तास खुर्चीत बसवणं म्हणजे प्रेमानं केलेला छळ. उलट, गुडघ्याचे सांधे धरलेल्या मुलीला औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे दिवसभर उभं राहणं जमणार नाही, मग फार्मसीची पदवी कितीही 'मुलींसाठी चांगली' असो. तेव्हा कामाची चौकशी करण्याआधी दुखण्याची चौकशी पुरी करा. कंबरदुखी म्हटलं की आपण हाडांच्या डॉक्टरकडे जातो, एक्स-रे काढतो, पट्टा आणतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली, पहाटे जास्त जाचणारी कंबरदुखी असेल तर संधिवाततज्ज्ञालाही दाखवलं पाहिजे. या आजाराचं निदान वर्षानुवर्षं रखडतं, आणि तोवर मुलगा आळशी ठरलेला असतो.

आळशी ठरणं हा या सगळ्यातला सर्वांत महागडा भाग आहे. "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत", "मोबाईल बघताना बरं दुखत नाही" ही वाक्यं घरोघरी ऐकू येतात. वैद्यकशास्त्र आता याबाबत पुष्कळ स्पष्ट आहे. तीन महिन्यांच्या पुढे टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झालं, तिला स्वतंत्र जागा आहे. दुसरा एखादा आजार सापडला नाही तरी वेदना हाच आजार असू शकतो. मोबाईलचं म्हणाल, तर लक्ष दुसरीकडे गेलं की वेदना थोडी मागे सरते, हे खरंच आहे. त्यात नाटक काही नाही. घरात हा वाद मिटल्याशिवाय करिअरची चर्चा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला आधी आपलं दुखणं सिद्ध करावं लागतं, तो मुलगा आपल्याला काय झेपत नाही हे कधीच खरं सांगत नाही. मग तो हो म्हणतो आणि दुसऱ्या वर्षी घरी परत येतो.

आता काम निवडण्याविषयी. आपण विचारतो, इंजिनिअरिंग की कॉमर्स, सरकारी की खाजगी. मी विचारीन की त्या कामाचा एक सर्वसाधारण मंगळवार कसा असतो आणि त्या दिवसाचं घड्याळ कुणाच्या हातात असतं. काम जड की हलकं, यापेक्षा ते मध्येच थांबवता येतं की नाही, हा प्रश्न दुखणं असलेल्या माणसाच्या जास्त कामाचा आहे. शिक्षकाचं काम हलकं समजतात, पण तास सुरू झाला की चाळीस मिनिटं सुटका नाही, आणि वर्गात डोकं ठणकायला लागलं तर दिवे मालवता येत नाहीत. भाषांतर, अकाउंट्स, प्रोग्रॅमिंग, डिझाइन यांत डोक्याला ताण पुष्कळ, पण वीस मिनिटं आडवं होऊन पुन्हा बसता येतं.

एकाच क्षेत्राच्या पोटातही फार फरक असतो, आणि पालक नेमके तिथेच गाफील राहतात. सीएचं काम बैठं खरं, पण त्याला ऋतू आहेत. जुलैअखेर विवरणपत्रं, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, आणि तेव्हा ऑफिसात रात्री दिवसासारख्या होतात. ताण आणि जागरणानं ज्याचं दुखणं उसळतं त्यानं सीए होऊ नये असं नाही, पण प्रॅक्टिस करण्यापेक्षा एखाद्या कंपनीत किंवा शिकवण्यात त्याचं जास्त चांगलं जमेल, हे आर्टिकलशिपला जायच्या आधी ठाऊक असावं. वकिलीत उलटं. ग्वाल्हेरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे आणि इथल्या मुलांना वकिली खुणावते. कोर्टात उभं राहण्यापेक्षा आपल्या प्रकरणाचा पुकारा होईपर्यंत ताटकळणं जास्त मोडतं. पण मसुदे लिहिणं, करार तपासणं, संशोधन करणं हीदेखील वकिलीच आहे, आणि तिला काळा कोट रोज चढवावा लागत नाही. डॉक्टरकीत तर शल्यचिकित्सा एका टोकाला आणि पॅथॉलॉजी, मानसोपचार दुसऱ्या टोकाला. अडचण एवढीच, की तिथे पोचायला इंटर्नशिपच्या रात्रपाळ्या सगळ्यांनाच पार कराव्या लागतात.

समजा हरिशंकरपुरममधली बारावीची एक मुलगी आहे. गणित उत्तम, मायग्रेन नववीपासून, महिन्यातून पाच-सहा दिवस अंधाऱ्या खोलीत जातात. घरचे म्हणतात, कोट्याला पाठवू, इथून काही फार लांब नाही. मी पाठवणार नाही. मायग्रेनला चुकलेलं जेवण, विस्कटलेली झोप आणि ऊन या तिन्ही गोष्टी भडकवतात, आणि कोचिंगच्या वसतिगृहात तिन्ही फुकट मिळतात. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारच्या बॅचला स्कूटीवर जाणं हाच तिच्यासाठी अर्धा पेपर असतो. घरी राहून ऑनलाइन तयारी आणि सकाळची शिकवणी हे तिच्यासाठी कमीपणाचं नाही. गावातच एबीव्ही ट्रिपल आयटीएम आहे, 1957 पासून चालत आलेलं माधव इन्स्टिट्यूट म्हणजे एमआयटीएस आहे, जीवाजी विद्यापीठ आहे. पहिली तीन-चार वर्षं घरचं जेवण, ओळखीचा डॉक्टर आणि आपली खोली मिळणं यालाही किंमत आहे, आणि ती रँकच्या हिशेबात धरली पाहिजे. पुढे तिला सॉफ्टवेअरमध्ये जायचं असेल तर जाऊ द्या, पण रात्रीच्या शिफ्टमध्ये परदेशी ग्राहक सांभाळण्याची नोकरी पगाराकडे बघून घेऊ नका. बारावी खुद्द आजारपणात अडकली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था, म्हणजे एनआयओएस, एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी देते. इग्नूची तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. 'गॅप पडेल' या धास्तीनं हे दरवाजे बंद करू नयेत.

अशा मुलांना आपण बाबा आमट्यांचं उदाहरण देतो. ते चुकीच्या तऱ्हेनं देतो, असं मला वाटतं. बाबांना मणक्याचा इतका तीव्र विकार होता की आयुष्याची कित्येक वर्षं ते बसूच शकत नव्हते. एक तर उभे, नाहीतर आडवे. सत्तरी ओलांडल्यावर 1985 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेल्या भारत जोडो अभियानात तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनातल्या बिछान्यावर आडवे पडून प्रवास करत होते. पुढे 1990 मध्ये ते आपल्या मध्य प्रदेशातच, नर्मदेकाठी बडवानीजवळच्या कसरावदला राहायला गेले आणि सुमारे दहा वर्षं तिथे राहिले. मुलाला आपण यातली जिद्द सांगतो. मी त्याला तो बिछाना दाखवीन. बाबांनी वेदना दाबून खुर्चीत बसण्याचा हट्ट धरला नाही. कामाची जागा, वाहन, बैठक, सगळं त्या पाठीच्या सोयीनं बदललं आणि काम चालू ठेवलं. सचिनची टेनिस एल्बोची कथा सांगणाऱ्यांनाही एवढंच म्हणेन, की 2005 मध्ये त्यानं लंडनला जाऊन कोपराची शस्त्रक्रिया करून घेतली, कित्येक महिने तो मैदानाबाहेर होता, आणि त्याच्या मागे फिजिओंसकट सगळी यंत्रणा उभी होती. तुमच्या मुलीच्या मागे सध्या फक्त तुम्ही आहात.

आता थोडं थेट विद्यार्थ्याशी. बरं वाटेल त्या दिवशी सगळा अभ्यास उरकून टाकायची तुला घाई होते, हे स्वाभाविक आहे. मग पुढचे तीन दिवस तू अंथरुणात असतोस. फिजिओथेरपिस्ट आणि वेदनातज्ज्ञ यावर एक साधी गोष्ट शिकवतात. दुखायला लागलं की थांबायचं, असं नाही. घड्याळ सांगेल तेव्हा थांबायचं, चांगल्या दिवशीही. पंचवीस मिनिटं बसून सोसत असेल तर विसाव्या मिनिटाला ऊठ. सुरुवातीला वेळ वाया जातोय असं वाटेल, पण महिन्याचा हिशेब मांडलास तर अभ्यास जास्त झालेला दिसेल. एक लहान वही ठेव. किती तास झोप, किती वेळ बसणं, किती चालणं, दुखणं किती. दोन महिन्यांत तुझ्या लक्षात येईल की तुला बसणं जाचतं की जागरण, थंडी की प्रवास. ग्वाल्हेरच्या जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी सांधे आखडतात, असं पुष्कळ लोक सांगतात. तुझंही तसं असेल तर सकाळी सातची प्रॅक्टिकल घेणारं कॉलेज निवडण्यापूर्वी दोनदा विचार कर. कुठलाही समुपदेशक तुला या वहीइतकं उपयोगी काही देऊ शकणार नाही. आणि एखादं काम मनात भरलं असेल तर सुट्टीत महिनाभर ते त्याच वेळात, त्याच तासांनी करून बघ.

नोकरीच्या मुलाखतीत आजार सांगायचा का, हा प्रश्न हमखास येतो. सरकारी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत काही लपवू नये, नंतर ते अंगाशी येतं. खाजगी नोकरीत मात्र पहिल्याच भेटीत आजाराचं नाव घेऊन बसण्याची गरज नाही. नेमणूक निश्चित झाली की काय हवं ते नेमकं मागावं. "मला फायब्रोमायल्जिया आहे" एवढंच ऐकून वरिष्ठ गोंधळतात. "दर चाळीस मिनिटांनी पाच मिनिटं उठावं लागेल, टेबलाची उंची वाढवून हवी आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू द्या" हे त्यांना लगेच कळतं, आणि यात नाही म्हणण्यासारखं फारसं काही नसतं.

राहिला कायदा, आणि त्याबद्दल घरांमध्ये दोन टोकांच्या समजुती आहेत. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये एकवीस प्रकारची अपंगत्वं नमूद आहेत. नुसती जुनाट वेदना त्यांत नाही. पण सिकलसेल आहे, जो आपल्या विदर्भातही पुष्कळ आढळतो आणि ज्याच्या वेदनेचे झटके भयंकर असतात. मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. संधिवातानं हातपाय वाकडे झाले, चालण्यावर, पकडण्यावर मर्यादा आली तर ते हालचालीच्या अपंगत्वात मोजता येतं. ते चाळीस टक्के किंवा अधिक भरलं तर सरकारी नोकरीत चार टक्के आणि उच्च शिक्षणात पाच टक्के राखीव जागांचा लाभ मिळतो. चाळीसच्या खाली काहीच नाही, असं लोक धरून चालतात. ते चूक आहे. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार, म्हणजे रायटर्स क्रॅम्प होता, आणि यूपीएससीनं त्याला लेखनिक नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयानं 11 फेब्रुवारी 2021 रोजी त्याच्या बाजूनं निकाल दिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालात लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रानं अशा उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लिहिण्यात अडचण असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळू शकतात. तीन तासांच्या पेपरला हा एक पूर्ण तास होतो. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी कर्मचाऱ्याला त्या कारणानं काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही, हेही याच कायद्याच्या विसाव्या कलमात आहे.

एवढं सांगितलं की आई हळूच म्हणते, "पण मुलीच्या नावावर असा कागद झाला तर पुढे लग्नाचं काय?" ही काळजी खोटी म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. पण ते प्रमाणपत्र वर्तमानपत्रात छापून येत नाही. आणि जे दुखणं लग्नानंतर पंधरा दिवसांत घरातल्या सगळ्यांना कळणार, ते लपवण्यासाठी मुलीचा परीक्षेतला हक्काचा एक तास सोडून देणं हा सौदा मला तरी पटत नाही.

कागद करायचाच असेल तर अकरावीत करा. अपंगत्वाचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. त्यानंतर वैद्यकीय मंडळापुढे तपासणी, जुन्या चिठ्ठ्या आणि एमआरआय यांची फाइल, आणि बहुतेकदा दुसरी फेरी. मंडळासमोर जाताना निदानाच्या कागदांबरोबर मुलीच्या वहीची चार पानंही न्या. किती वेळानं पेन हातातून सुटतं, हे एमआरआयमध्ये दिसत नाही. सीबीएसईचे पेपर फेब्रुवारीत सुरू होतात आणि सवलतींची माहिती शाळेला त्याच्या कितीतरी आधी कळवावी लागते. दिवाळीनंतर धावपळ सुरू केलेल्या घरांना ती सवलत बारावीत मिळेलच असं नाही.