भोकाच्या तोंडाशीच धूळ धरा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की वास्तुशांतीच्या आधी घरात हॅमर ड्रिल शिरतं. पडद्यांचे रॉड, पाण्याचा फिल्टर, गीझर, टीव्हीचा स्टँड, देव्हाऱ्याची फळी, एसी. शहराचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं. पण नाव काहीही घ्या, सावेडी-केडगावकडच्या कुठल्याही नव्या इमारतीखाली दुपारी जरा थांबलात तर वरून ती घरघर ऐकू येतेच.

आमच्याकडे एसी बसवायला विशीतला एक मुलगा आला होता. हात सफाईदार. चार भोकं त्याने दहा मिनिटांत पाडली. प्रत्येक भोक झालं की तो भिंतीला ओठ लावल्यासारखा वाकायचा, डोळे मिटायचा आणि जोरात फुंकर मारायचा. पांढरा लोट उलटा तोंडावर. शेवटी त्याच्या पापण्या पिठाच्या गिरणीवाल्यासारख्या झाल्या होत्या. बाहीने तोंड पुसून त्याने अदबीने झाडू मागितला आणि मी तो दिला. ओला फडका द्यायला हवा होता, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा ताटाच्या काठावर बोट फिरवलं, तर बोटाला खरखर लागली.

एका भोकाचा हिशेब मांडून पाहू. 8 मिलिमीटर व्यासाचं, 50 मिलिमीटर खोल भोक म्हणजे अडीच घन सेंटीमीटर काँक्रीट, वजन सुमारे 6 ग्रॅम. त्याचं पीठ झालं की ते फुलतं आणि चहाच्या चमच्याएवढं होतं. जमिनीवर पडलेली ही पूड दिसते, म्हणून राग तिचा येतो. फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात ते मात्र साधारण 4 मायक्रॉनहून बारीक कण, आणि ते दिसत नाहीत. 1 मायक्रॉनचा कण शांत हवेत 3 मीटर खाली यायला आठ-नऊ तास घेतो. सकाळी दहाला पाडलेल्या भोकाची धूळ रात्रीच्या जेवणाला हजर असते ती अशी.

अमेरिकेने 2016 साली कामगारांसाठी मर्यादा ठरवली: आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत 50 मायक्रोग्रॅम स्फटिकरूप सिलिका, म्हणजे मुख्यतः गारगोटीची बारीक पूड. दहा फूट लांब, तेवढीच रुंद आणि उंच खोली घेतली तर तिच्यात 28 घनमीटर हवा मावते. या हिशेबाने अख्ख्या खोलीत मिळून दीड मिलिग्रॅमही चालत नाही. भोकातून पीठ निघालं 6,000 मिलिग्रॅम. त्यातला किती भाग सिलिका आणि किती बारीक, हे काँक्रीटवर ठरतं. पण हजारातला एक भाग तसा निघाला तरी मर्यादा चौपट ओलांडली.

आपल्याकडे एक युक्तिवाद ऐकू येतो: खडी काळ्या पाषाणाची, तिच्यात गारगोटी कुठून येणार? अर्धं खरं आहे. काळा पाषाण म्हणजे बसाल्ट; त्यातली सिलिका दुसऱ्या खनिजांत बांधलेली असते, मोकळा क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, फारसा नसतो. पण काँक्रीट नुसत्या खडीचं होत नाही, त्यात वाळू असते, आणि वाळू कुठून आली हे घरमालकाला माहीत नसतं. प्रवरेच्या गोट्यांत कॅल्सेडनी आणि अकीक, म्हणजे गारगोटीचेच भाऊबंद, इतके मिळत की नेवासे, जोर्वे, दायमाबाद इथल्या ताम्रपाषाणयुगातल्या माणसांनी त्यांचीच पाती काढली. गुजरातेतल्या खंभातला पिढ्यान्‌पिढ्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, होतो. आणि बाथरूमची व्हिट्रिफाइड टाइल, ओट्याचा ग्रॅनाइट यांच्यात तर क्वार्ट्झ हवा तेवढा आहे. तेव्हा काळ्या पाषाणाच्या भरवशावर राहू नये.

साहित्य

हॅमर ड्रिल. धारदार कार्बाइड टोकाचं बिट. लांब नळीचा व्हॅक्यूम क्लीनर. कागदी चिकटपट्टी, म्हणजे मास्किंग टेप. एन95 किंवा एफएफपी2 मास्क; एफएफपी2 घेत असाल तर पाकिटावर आयएस 9473 लिहिलेलं पाहून घ्या. डोळ्यांवर बंद गॉगल. पाण्याची फवारणीची बाटली, तीन-चार जुने सुती फडके, जुनं प्लास्टिक किंवा चादर. श्रीखंडाचा रिकामा डबा. आणि नळी धरायला दुसरा माणूस. हा शेवटचा घटक सगळ्यात महत्त्वाचा.

बिटवर कंजुषी करू नका. बोथट बिट काँक्रीट फोडत नाही, ते घासत बसतं. भोकाला वेळ दुप्पट लागतो आणि धूळ वाढते. टोकावरची कार्बाइडची चकती गोल झालेली दिसली की ते बिट बाजूला ठेवा.

कृती

आधी भोकं मोजा आणि खुणा करा. एकदा ठरवून पाडलेली सहा भोकं ही रोज एक करून पाडलेल्या सहा भोकांपेक्षा बरी, कारण झाकपाक आणि पुसापुशी एकदाच होते. बोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत खूण करू नका, तिथे वायर किंवा पाइप असण्याचा संभव फार.

खोली रिकामी करा. पाण्याचा माठ, देव्हारा, अंथरूण झाका किंवा हलवा. दम्याचा त्रास असणारे, लहान मुलं आणि आजी-आजोबा यांना दुसऱ्या खोलीत बसवा. पंखा बंद. एसी बंद. आतलं दार लावून खालच्या फटीला ओला फडका, बाहेरची खिडकी उघडी. पंख्याचं लोक विसरतात. उन्हाळ्यात नगरला पंखा बंद करायला जीवावर येतं हे खरं, पण फिरत्या पंख्याखाली पुढचं सगळं फुकट जातं.

व्हॅक्यूमबद्दल जरा थांबून सांगतो. घरगुती क्लीनरची कापडी पिशवी केर धरते, पण बारीक धूळ तिच्यातून आरपार जाऊन मागच्या झरोक्यातून पुन्हा खोलीत येते. दिसायला स्वच्छ, प्रत्यक्षात धुळीचा पंखा. हेपा फिल्टरचा क्लीनर असेल तर प्रश्न मिटला, 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण धरणाऱ्या फिल्टरलाच हेपा म्हणतात. नसेल तर क्लीनरचं धड बाल्कनीत ठेवा आणि नुसती नळी खोलीत आणा. मागून काय निघायचं ते बाहेर निघू दे. बाल्कनीच्या दाराला नळीपुरती फट ठेवून बाकी कापड कोंबा. आणि खालच्या मजल्यावर कुणाचे पापड वाळत नाहीत ना, ते बघून घ्या.

आता मास्क. रुमाल, गमछा, ओढणी यांनी मोठे कण अडतात, ज्यांची भीती आहे ते नाही. सर्जिकल मास्क दोन्ही गालांशी उघडा असतो. एन95 चे दोन्ही पट्टे डोक्यामागून घ्या, एक वर, एक मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर मास्क नीट बसलेला नाही. दाढी असेल तर तो बसणारच नाही. नळी धरणाऱ्यालाही मास्क हवा.

भिंतीत भोक पाडताना नळीचं तोंड खुणेच्या बरोबर खाली, भिंतीला टेकवून, बोटभर अंतरावर धरा. पीठ खालीच पडतं, ते पडता पडता नळीत जावं. क्लीनर आधी सुरू, ड्रिल नंतर. बिटवर हव्या त्या खोलीला टेप गुंडाळा. 50 मिलिमीटरची प्लास्टिकची गिट्टी असेल तर 60 पुरे, उगाच 90 खोल गेलात तर धूळ दीडपट. सुरुवातीचं टोक बसेपर्यंत हॅमर बंद ठेवा, नाहीतर बिट टाइलवरून घसरतं. मग हॅमर चालू करून सरळ, बेताचा दाब. अधूनमधून फिरतं बिट थोडं मागे घ्या म्हणजे पीठ बाहेर येतं. मध्येच धातूचा आवाज येऊन बिट अडलं तर ती सळई. जोर करू नका, भोक दोन-तीन इंच सरकवा. ड्रिल थांबलं तरी नळी पंधरा-वीस सेकंद तिथेच राहू द्या.

छताचं भोक वेगळं. तिथे सगळं डोळ्यांत येतं. श्रीखंडाचा डबा इथे लागतो. त्याची उंची कापून 4 सेंटीमीटरवर आणा, बुडाला बिट जाईल एवढं भोक पाडा, बाजूला नळीच्या तोंडाएवढं भोक पाडून नळी टेपने पक्की करा. डब्याचं तोंड छताला टेकलेलं, बिट बुडातून वर, नळी चालू. 160 मिलिमीटरच्या बिटचं चकात जाणारं टोक सोडलं तर साधारण 100 उरतात. त्यातले 40 डब्यात गेले तरी 60 खोल भोक होतं. म्हणूनच डबा कापायचा, अख्खा डबा लावलात तर बिट छतात जेमतेम शिरेल. पारदर्शक डबा मिळाला तर उत्तम. बाजारात तयार कव्हर मिळतात, पोकळ बिटंही मिळतात ज्यांच्या आतूनच धूळ ओढली जाते. रोजचं काम असेल तर ती घ्यावीत.

क्लीनरच नसेल तर खुणेखाली जाड कागदाचं पाकीट तोंड उघडं ठेवून टेपने चिकटवा आणि खुणेवर दाढीच्या फेसाचा लिंबाएवढा गोळा लावा. फेसात बरीच धूळ अडकते. पाकिटात फक्त जाड पूड पडते, तेव्हा मास्कची सुटका नाही. साध्या ड्रिलवर पाणी शिंपडायचं मात्र नाही. एसीच्या पाइपसाठी मोठं भोक पाडणारं कोअर कटर पाण्यावर चालतं, पण ते त्यासाठीच बनवलेलं असतं; आपल्या ड्रिलच्या मोटरीत पाणी गेलं तर शॉक बसेल.

भोक झालं. इथे फुंकर मारायची नाही. बाटली धुवायचा बारीक ब्रश आत फिरवा आणि नळीने ओढून घ्या. पुन्हा ब्रश, पुन्हा नळी. यात दुहेरी फायदा आहे, भोकात पीठ राहिलं तर गिट्टी आणि बोल्ट दोन्ही नीट धरत नाहीत.

झाडलोट

कोरडा झाडू लावला की खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर येते. आतलं दार लावलेलंच ठेवून अर्धा तास थांबा. मास्क न काढता फरशीवर हलकी फवारणी करा, मग वरून खाली पुसत या: पडद्याची पेलमेट, दाराची चौकट, खिडकीचा कठडा, स्विचबोर्ड कोरड्याशा फडक्याने, शेवटी फरशी. पंख्याची पाती विसरू नका, नाहीतर रात्री बटण दाबलं की सगळं परत खाली येईल. फडका बादलीत पिळा, झटकू नका. बादलीतला गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी ओता आणि गाळ पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. मोरीत गेला तर जाळी तुंबते. अंगावरचे कपडे दाराबाहेर झटकायची सवय मोडा, ते सरळ पाण्यात घाला. मास्क सगळ्यात शेवटी उतरवा.

एवढा खटाटोप सहा भोकांसाठी कशाला, असं कुणी विचारेल. घरमालकापुरतं उत्तर असं की वर्षाकाठी सहा भोकांनी त्याला सिलिकोसिस होणार नाही, खोकला आणि साफसफाई वाचेल, इतकंच. पण आमच्याकडे आलेला मुलगा त्या दिवशी अजून तीन घरी जाणार होता. तो रोज भोकं पाडतो. सिलिकोसिस बहुधा दहा-वीस वर्षं धूळ खाल्ल्यावर दिसू लागतो, झालेलं नुकसान भरून येत नाही, आणि सिलिका साचलेल्या फुप्फुसांत क्षयरोग सहज शिरतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने 1997 साली श्वासातून जाणारी स्फटिकरूप सिलिका कर्करोगकारक ठरवली. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची नोंद सक्तीची केली, पण फ्लॅटची बैठकीची खोली हा कारखाना नव्हे. इमारतीच्या बांधकामावर गेल्या वर्षभरात 90 दिवस काम केलेल्या 18 ते 60 वयाच्या माणसाला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते, त्यात वायरमन आणि सुतारही येतात. ओळखीच्या मिस्त्रीला हे जरूर सांगा.

पुढच्या वेळी दाराशी ड्रिलची पेटी घेऊन कुणी आला, तर पाण्याच्या पेल्याबरोबर त्याच्या हातात एक नवा मास्क द्या. आणि नळी तुम्ही धरा.