बटाट्यावरचा करपा आणि बारावीनंतरची एक वाट

चाकणच्या बाजार समितीत कांदा-बटाटा उतरतो आणि शेजारच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनतात. पिंपरी-चिंचवडच्या पालकांना करिअर म्हटलं की ही एमआयडीसीच दिसते. जीवशास्त्रात रमणाऱ्या मुलापुढे मग फक्त नीट उरते, आणि ती हुकली की घरात सुतकी शांतता. त्या घरांनी वनस्पती रोगशास्त्राचा विचार जरूर करावा.

बटाट्यावरचा उशिराचा करपा घ्या. १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ ओढवला तो याच रोगाने. फायटोप्थोरा इन्फेस्टन्स हा रोगकारक पानात शिरतो आणि ‘इफेक्टर’ नावाची प्रथिनं सोडतो. रात्रपाळीत कंपनीत घुसणाऱ्याने आधी सायरनची वायर कापावी, तसं ही प्रथिनं झाडाची संरक्षणयंत्रणा बंद पाडतात. २००९ मध्ये या रोगकारकाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा पेशीत शिरणाऱ्या अशा प्रथिनांची पाचशेहून अधिक जनुकं सापडली. त्यातलं एक ‘एव्हीआर-३ए’. बटाट्यात ‘आर-३ए’ हे जनुक असेल तर झाड ते ओळखतं, लागण झालेली पेशी स्वतःहून मरते आणि जिवंत पेशीवर जगणाऱ्या रोगकारकाची वाढ तिथेच थांबते. पण याच प्रथिनाच्या दुसऱ्या रूपात जेमतेम दोन अमिनो आम्लं वेगळी आहेत, आणि तेवढ्यावर ते ‘आर-३ए’च्या नजरेतून निसटतं. रोगप्रतिकारक वाण काही वर्षांत का हरतं, ते इथे कळतं. म्हणून या क्षेत्राला माणसं सतत लागणार.

शिकायचं कुठे? एमएचटी-सीईटी देऊन बीएस्सी कृषी, पुढे एमएस्सीला वनस्पती रोगशास्त्र. पुण्याचं कृषी महाविद्यालय जवळच आहे. दुसरी वाट जैवतंत्रज्ञानाची, त्याची संस्था आपल्या ताथवड्यातही आहे. सोबत पायथन ही संगणकभाषा आणि संख्याशास्त्र शिकाच, कारण इफेक्टरचा शोध आता आधी संगणकावर सुरू होतो. चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. कांद्यावरच्या जांभळ्या करप्यासारख्या रोगांवर तिथे काम चालतं. इतक्या जवळची ही संस्था आपल्या मुलांना ठाऊक नसावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पालकांची काळजी रास्त आहे. संशोधक व्हायचं तर पीएचडी हवी. बारावीनंतर दहा-अकरा वर्षं धरा. मात्र हा सगळा काळ घरच्या पैशांवर काढावा लागत नाही. सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीची पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात. एवढं थांबणं शक्य नसेल, तर कृषी पदवीनंतर एमपीएससीची कृषी सेवा, बँकेतलं कृषी अधिकारीपद, बियाणे कंपन्या हे मार्ग आहेत. चिकाटी नसलेल्या मुलाला मात्र या विषयात ढकलू नका. इथे एकेका प्रयोगाला महिने लागतात.

निकालाची वाट पाहत बसू नका. या सुट्टीतच मुलाला घेऊन एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या रोगशास्त्र विभागात जा, आणि तिथले प्रश्न त्यालाच विचारू द्या.