आवडत्या गाण्याची मोजणी

(बी. ए. भाग दोन)

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की ‘या वर्षातील आवडते गाणे कोणते?’ अशी चिठ्ठ्यांवर मते मागविण्याची हौस सर्वांनाच असते. प्रश्न सोपा वाटतो. पण उत्तर लिहायला बसले की जुनीच गाणी समोर उभी राहतात. जे गाणे दहा वर्षे कानावर पडले ते चटकन आठवते, तीन महिन्यांपूर्वी आलेले मात्र मागे राहते. मोबाईलमध्ये साठलेल्या ऐकण्याच्या नोंदी येथे कितपत उपयोगी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ही अडचण सार्वत्रिक आहे. ऑस्ट्रेलियातील ‘ट्रिपल जे’ या रेडिओ केंद्राने १९८९ मध्ये श्रोत्यांच्या मतांवरून शंभर गाणी निवडण्यास प्रारंभ केला. तेव्हा कोणत्याही काळातील गाण्याला मत देता येई. परिणामी १९८९ व १९९० अशी लागोपाठ दोन वर्षे ‘जॉय डिव्हिजन’ या इंग्रज वाद्यवृंदाचे १९८० सालचे एकच गाणे पहिले आले. पुढे १९९३ पासून त्या त्या वर्षीच्या गाण्यांपुरतीच निवड ठेवण्यात आली.

आपल्याकडचे ठळक उदाहरण ‘बिनाका गीतमाला’चे. रेडिओ सिलोनवरून १९५२ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम अमीन सयानी यांच्या आवाजाने घरोघरी पोचला. गाण्यांच्या पायऱ्या ठरविताना रेकॉर्डच्या दुकानांतील विक्री आणि ठिकठिकाणच्या श्रोतृसंघांची पसंती, असा दुहेरी आधार घेतला जाई. सांगितलेली आवड आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू, दोन्ही ताडून पाहण्याची ही रीत शहाणपणाची होती. तरीही ज्याच्या घरी ग्रामोफोन नाही, जो पानठेल्यावर उभा राहून गाणे ऐके, तो विक्रीच्या आकड्यात येणार कसा?

आज दुकानातील विक्रीची जागा मोबाईलमधील नोंदीने घेतली आहे. घरच्या फोनवरील यूट्यूबचा इतिहास उघडून मी नवी गाणी शोधून पाहिली. त्यातून काही गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली गोष्ट, नोंदीतील तारीख ही ऐकल्याची असते, गाणे निघाल्याची नव्हे. ‘सैराट’ २०१६ सालचा. त्याची गाणी काल वाजली तर नोंद कालची दिसते. म्हणून प्रत्येक गाण्याचे साल वेगळे तपासावे लागते. दुसरी गोष्ट, एकच गाणे चित्रफीत, नुसता आवाज आणि शब्दांसहित अशा तीन रूपांत सापडते. ती एकत्र धरली नाहीत तर आवडीचे तुकडे होतात. तिसरी गोष्ट, एक गाणे संपले की दुसरे आपोआप सुरू होते आणि तेही नोंदले जाते. स्पॉटिफायवर तर तीस सेकंद वाजले की गाणे ऐकले असे धरतात. यास्तव किती वेळा वाजले यापेक्षा किती निरनिराळ्या दिवशी वाजले, हे मोजणे अधिक बरे. चौथी गोष्ट, स्पॉटिफायचा वार्षिक गोषवारा वर्ष पुरे होण्यापूर्वीच तयार होतो. वर्षअखेरची गाणी त्यातून निसटतात.

एवढी चाळणी लावल्यावर विसरलेली नवी गाणी खरोखरच हाती लागतात. परंतु मोठा प्रश्न पुढेच आहे. हा इतिहास कोणाचा? आमच्या घरी फोन एक आणि माणसे चार. बाबांची भजने, धाकट्या भावाची डीजेची गाणी आणि माझी भावगीते एकाच यादीत मिसळलेली आहेत. आईचे त्यात एकही गाणे नाही, कारण ती फोनला हातच लावत नाही. कापूस वेचताना मात्र ती आणि तिच्या सोबतिणी गातात. भुलाबाईच्या जुन्या चालीवर कधी गावातील नव्या सुनेचे नाव बसते, कधी कापसाचा पडलेला भाव. ती ओळ याच हंगामातील असते, म्हणजे गाणे ताजेच झाले! पण ते विकत मिळत नाही, फोनवर वाजत नाही. सबब कोणत्याही मोजणीत ते शून्य ठरते.

आपल्या वर्गांतून माझ्यासारखी पुष्कळ मुले-मुली घरातील पहिलीच कॉलेजात आलेली आहेत. आपल्या घरची आवड नोंदीबाहेर राहिली तर ‘सर्वांचे आवडते’ हे शब्द पोकळ ठरतील.

म्हणून संमेलन समितीला माझी नम्र सूचना अशी : मोबाईलचा इतिहास आठवणीला मदत म्हणून अवश्य पाहावा, मत मात्र प्रत्येकाने विचार करून स्वतः द्यावे. आणि चिठ्ठीवर आणखी एक ओळ मोकळी सोडावी — ‘या वर्षी तुमच्या घरी किंवा शेतात म्हटलेले नवे गाणे’. त्या ओळीतील गाण्यांना क्रमांक देता येणार नाहीत. ती नुसती लिहून घेतली तरी पुढील वार्षिकांकाला चार पाने साहित्य मिळेल, आणि आपल्या मायबहिणींच्या गाण्याची पहिली नोंद यवतमाळातच होईल.