भाकरी, टीव्ही आणि चाळिशीचा चष्मा



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. गेल्या वर्षावासात विश्रांतवाडीतल्या एका विहारात आम्ही रक्तदाब तपासायला बसलो होतो. वाचनाची पाळी एका ताईंवर आली आणि त्यांनी ग्रंथ शेजारणीकडे सरकवला. “मला आता वाचता येत नाही,” म्हणाल्या. वय पन्नाशीचे, शिक्षण सातवी. एके काळी पोरांना रात्री गोष्टी वाचून दाखवणाऱ्या बाई. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी त्यांनी आम्हाला खडाखडा वाचून दाखवली, पण सुईत दोरा मात्र ओवता येईना. आमच्यातल्या एकीने आपला जवळचे दिसण्याचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. ताईंनी अर्धे पान वाचले आणि चष्मा काढून पदराने डोळे पुसले. सहा वर्षे त्यांनी पुस्तक हातात घेतले नव्हते.

आपल्या भाषेत या चष्म्याला चाळिशीच म्हणतात. वयाबरोबर डोळ्यातले भिंग कडक होत जाते आणि जवळचे अक्षर पुसट दिसते. हा आजार नव्हे. गाजर खाऊन किंवा डोळ्यांत मध घालून तो जात नाही, आणि मध तर घालूच नये. तयार चष्मा शे-दोनशे रुपयांत मिळतो, पण आधी ससूनमध्ये किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा थेंब टाकून, बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदाही तपासून घ्यावा. मधुमेहाने पडदा खराब होऊ लागतो तेव्हा सुरुवातीला काही कळत नाही.

सहा वर्षे हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा उत्तर मिळाले. चार घरची धुणीभांडी करून ताई सहाला घरी येतात. मग स्वयंपाक. सगळे टीव्हीसमोर ताट घेऊन बसतात, ताई भाकऱ्या थापतात. शेवटी ओट्यापाशी बसून उरलेले खातात, वर कपभर चहा. त्यांना मालिका ऐकू येते, दिसत नाही. ज्या बाईला घरात कोणी बसलेले पाहिले नाही, तिला वाचता येते की नाही हे कोण पाहणार? वस्तीच्या नावात विश्रांती आहे, पण ती आपल्या बायकांच्या वाट्याला आलेली नाही.

घरात निवांत जेवणे, आवडीची मालिका पाहणे, चार पाने वाचणे याला आपल्याकडे चैन समजतात. आमच्या मते तो औषधोपचाराचाच भाग आहे. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या देऊनही आकडा खाली येत नाही, तेव्हा आम्ही आता झोप आणि जेवणाची वेळ विचारतो.

आधी जेवण. साधे जेवण म्हणजे गरिबीचे जेवण नव्हे. आपल्यातल्या पुष्कळ घरांचे गाव मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे. ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, अंबाडी, घोळ, सुकट हे आपल्या आज्यांचे अन्न. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांची नोंद केली आहे. ते घरात मोठ्याने वाचण्यासारखे आहे, आज्यांना खूप काही आठवते. हुलग्यात प्रथिने आणि लोह आहे, सुकटीत प्रथिने आणि कॅल्शियम. सुकट मात्र खारट असते, म्हणून दोन पाण्यांत धुऊन, थोडा वेळ भिजवून घ्यावी. मोठ्या माणसाला दिवसाला एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत मीठ पुरे. ते भाजीतच संपते आणि फरसाणाची पुडी त्यावर चढते. टीव्हीपुढे तोंडात टाकायला काही हवेच असेल तर फुटाणे घ्या.

जेवणावर लगेच चहा नको. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. तासभर थांबावे, आणि पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह जास्त मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. उरलेले खाणारी बाई त्यात असणारच.

जेवताना टीव्ही बंद ठेवा. मन पडद्यावर असले की पोट भरल्याची खूण उशिरा कळते. संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची हकीकत आहे. भरपूर भात खाऊन तो धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला उपास सांगितला नाही. बेताने जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने ती सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि जेवणाच्या वेळी म्हणून दाखवायला सांगितले. हळूहळू राजाचे जेवण बेतात आले आणि अंग हलके झाले. ऐकत जेवायचेच तर असे काही ऐकावे.

टीव्ही वाईट नाही. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा किती घरांत तीन पिढ्या एकत्र बसून ती पाहत होत्या! एक-दोन कार्यक्रम ठरवून पाहावेत, जाहिरात लागली की उठून पाय मोकळे करावेत, आणि आईने भांडी ठेवून सगळ्यांबरोबर बसावे. नुसता चालू असलेला, कोणी न पाहिलेला टीव्ही मात्र घराला थकवतो. दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा दाखवू नये, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाहून जास्त नको.

एकाच खोलीत मुलाने अभ्यास कुठे करायचा, हे आयाबाया नेहमी विचारतात. परळच्या चाळीत सुभेदार रामजींपुढेही हाच प्रश्न होता. ते भीमरावाला लवकर झोपवत आणि पहाटे दोनला, सगळी चाळ शांत असताना, अभ्यासाला उठवत. आमच्या मुलांना दोनला उठवा असे आम्ही सांगत नाही, शाळकरी वयात नऊ-दहा तास झोप हवी. पण वाचनासाठी घराची वेळ बदलता येते, हे त्यातून दिसते. बाबासाहेबांनी पुढे ग्रंथांसाठी दादरला राजगृह बांधले. आपल्याला दिव्याखालचा एक कोपरा आणि टीव्ही बंद असलेला अर्धा तास पुरतो. झोपण्याआधी मोबाइल चाळण्यापेक्षा छापील पान वाचले तर झोपही लवकर लागते.

त्या ताईंकडे आम्ही दिवाळीनंतर पुन्हा गेलो. आठला सगळ्यांची ताटे एकदम मांडली जातात. साडेनऊला टीव्ही बंद होतो, नातू मोठ्याने वाचतो आणि कुठे अडला की ताई चष्मा लावून पुस्तक हातात घेतात. रक्तदाबाची गोळी चालूच आहे, ती बंद करायची नाही हे आम्ही पुन्हा सांगितले. निघताना त्यांनी आम्हाला दारात मुद्दाम थांबवले. रात्रीची भांडी आता मुलगा घासतो, हे त्यांना सांगायचे होते.