गोळी कुटण्यापूर्वी

घरातल्या वडीलधाऱ्यांना गोळी गिळवत नाही, म्हणून ती कुटून पाण्यातून किंवा मधातून देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. काही गोळ्यांच्या बाबतीत ते चालते; काहींच्या बाबतीत जिवावर बेतू शकते. असे का, ते समजून घेऊ.

गोळीत फक्त औषध नसते. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनच्या एका गोळीत औषध असते अवघे ५ मिलिग्रॅम. एवढी भुकटी चिमटीतही धरता येणार नाही. म्हणून तिच्यात सहायक घटक मिसळतात. ते रोग बरा करीत नाहीत. पण औषध कुठे आणि किती वेगाने सुटावे, हे बऱ्याच अंशी तेच ठरवतात. त्यांतले अनेक वनस्पतींपासून मिळतात. लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज गोळीला आकार देते. आपण जिची भाजी करतो त्या गवारीच्या बियांचा डिंक भुकटी बांधून ठेवतो. मक्याचा स्टार्च पोटात पाण्याने फुगतो आणि गोळी फोडतो.

सेल्युलोजवर प्रक्रिया करून हायप्रोमेलोज बनते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या दीर्घकाळ काम करणाऱ्या अनेक गोळ्यांत ते असते. पोटात त्याची जेली होते आणि तिच्यातून औषध हळूहळू झिरपते. कधी शौचात गोळीसारखा मऊ गोळा दिसतो. ते औषध निघून गेल्यावर उरलेले कवच असते. घाबरून दुसरी गोळी घेऊ नये.

अशी गोळी कुटली की ही रचनाच मोडते आणि दिवसभराचे औषध एकदम सुटते. रक्तदाबावरील निफेडिपिनची दीर्घकाळ चालणारी गोळी कुटून दिल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. पॅन्टोप्राझोलचे उलटे आहे. त्याच्या गोळीवरचे आवरण औषधाला जठरातील आम्लापासून वाचवते. ते मोडले की औषध आतड्यात पोचण्याआधीच वाया जाते.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

१. पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल किंवा सीआर ही इंग्रजी अक्षरे असतील, तर गोळी कुटू किंवा चावू नका.

२. अक्षरे नसली तरी कुटण्यापूर्वी औषध दुकानातील फार्मासिस्टला विचारा. मधोमध रेघ असलेली गोळीही विचारूनच तोडा.

३. गिळायला त्रास होतो, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अनेक औषधे द्रवरूपात किंवा दुसऱ्या प्रकारच्या गोळीत मिळतात.

४. तोपर्यंत मनाने औषध बंद करू नका.