स्तनाची शस्त्रक्रिया : काढणे, राखणे आणि पुन्हा घडविणे

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया म्हणजे स्तन कायमचा गमावणे, ही समजूत बिदर-कलबुर्गी सीमाभागात आजही दृढ आहे. या धास्तीने स्त्रिया गाठ लपवितात. बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लिहिण्याचे कारण एवढेच की, तान्ह्या बाळाची आई कित्येकदा आपल्या गाठीचा उल्लेख प्रथम आमच्याकडेच करते.

ही धास्ती अगदीच निराधार नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील लसिकाग्रंथीही काढीत. पुढे स्नायू राखणारी सुधारित मॅस्टेक्टॉमी आली. २००२ मध्ये उंबेर्टो व्हेरोनेसी आणि बर्नार्ड फिशर यांनी आपापल्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजार प्राथमिक अवस्थेत असता केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यास रुग्णाचे आयुर्मान स्तन काढण्याइतकेच राहते, हे त्यांतून सिद्ध झाले.

संपूर्ण स्तन काढणे अपरिहार्य ठरले, तरी पुनर्रचनेचा मार्ग खुला असतो. त्यासाठी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवितात, अथवा पाठीचा स्नायू किंवा ओटीपोटावरील त्वचा व चरबी वापरतात. काही रुग्णांत मूळ त्वचा व स्तनाग्रही राखता येते. पुनर्रचना त्याच वेळी वा नंतर होऊ शकते. मात्र किरणोपचारांमुळे इम्प्लांटमधील गुंतागुंत वाढत असल्याने हा क्रम आधीच ठरवावा. पुन्हा घडविलेल्या स्तनाला आकार लाभतो. दूध येत नाही आणि संवेदनाही बव्हंशी कमी राहते. तरुण मातेला हे स्पष्ट सांगावे. दुसऱ्या स्तनाने पुढील बाळाला पाजणे उपचार संपल्यावर बहुधा शक्य असते. औषधोपचार चालू असताना मात्र तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये सुमारे १६०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिग्नोकेन टोचल्याने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. इतके स्वस्त औषध कोणत्याही शस्त्रक्रियागृहात असते.

तथापि स्तन राखता येईल की नाही, हे बव्हंशी रुग्ण केव्हा येते यावर अवलंबून असते. म्हणून व्यवसायबंधूंना विनंती, की प्रसूतीनंतरची प्रत्येक गाठ दुधाचीच मानू नये. दोन आठवड्यांत ती न विरल्यास सोनोग्राफी व आवश्यक तर सुईची बायोप्सी करावी; त्यासाठी अंगावर पाजणे थांबवावे लागत नाही. पुढील उपचारांसाठी कलबुर्गीचे किदवई केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आपल्यापासून दूर नाहीत. बाळाचे वजन पाहताना आईला एक प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिटही पुरते.