गरोदरपण आणि ‘औषधापुरती’ दारू

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात बुराईकाठच्या एका गावी आम्ही मुलींनी घरोघर फिरून व्यसनांची पाहणी केली. ‘घरातील पुरुष दारू पितात काय?’ असा प्रश्न प्रश्नावलीत होता. बायकांविषयी प्रश्नच नव्हता, आणि तो असावा असे आमच्यापैकी कोणाला वाटलेही नाही. एका अंगणात म्हातारीने आपणहून सांगितले, की गरोदर सुनेला ती थंडीत घोटभर मोहाची देते. अंगात ऊब राहते, बाळंतपण सोपे जाते. आम्ही हसलो आणि पुढच्या घरी गेलो.

शिंदखेड्याला घरी परतले, तर पाचव्या महिन्यातल्या माझ्या वहिनीला सर्दी झालेली, आणि आजी तिला गरम पाण्यातून दोन चमचे ब्रँडी पाजत होती. आमचे घर माळकरी. ब्रँडी मात्र फडताळात, औषधांच्या रांगेत!

मग मी वाचायला घेतले. विज्ञान हा माझा विषय नव्हे. समजले तेवढे सांगते.

आईने घेतलेले मद्य वार अडवीत नाही. ते नाळेवाटे बाळाच्या रक्तात उतरते. मद्य पचवण्याचे काम यकृताचे, आणि बाळाचे यकृत तर अजून कच्चे असते. गर्भपात, मृत मूल, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन हे धोके वाढतात. पहिल्या तीन महिन्यांत अवयव व चेहऱ्याची ठेवण घडते. कित्येकदा दिवस गेल्याचे बाईला कळायच्या आतच हे काम सुरू झालेले असते. मेंदू तर नऊही महिने घडत राहतो. तेव्हा ‘सहावा लागला, आता भीती नाही’ हा हिशेब खोटा. चेहऱ्यावरच्या खुणा थोड्याच मुलांत दिसतात. बाकीची मुले शाळेत गेल्यावर लक्ष लागत नाही, गणित जमत नाही, राग आवरत नाही म्हणून ‘ढ’ ठरतात. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होणार आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

डॉक्टरांनाही हे उशिराच उमगले. १९६८ साली फ्रान्समधील नांत शहरी डॉ. पॉल लमॉन यांनी मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले. गंमत अशी, की त्या काळात अकाली कळा थांबवण्यासाठी काही रुग्णालयांत शिरेतून मद्यच देत असत. मग एकट्या आजीला दोष कसा देऊ?

त्याच सुमारास, १९७२-७३ मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा भागात आदिवासी स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. त्यांचा संताप नवऱ्याच्या मारहाणीवर होता, आणि तो रास्तच होता. पण तेव्हापासून आपण दारूविषयी बोलतो ते पुरुषाच्या दारूविषयी. फडताळातल्या बाटलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१९ पासून आपल्याकडे मद्याच्या बाटलीवर इशारा छापणे सक्तीचे आहे. तो आरोग्याला होणाऱ्या अपायाबद्दल आणि पिऊन गाडी चालवण्याबद्दल आहे, गर्भवतीबद्दल नाही. हातभट्टीच्या दारूला तर कागदच नसतो, आणि ती किती कडक हे गाळणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आजीशी बोलले. “तुले काय समजस?” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “किती थेंब चालतात?” गरोदरपणात निर्धोक ठरेल असे कोणतेही प्रमाण आजवर सापडलेले नाही, असे मी सांगितले. वहिनी घाबरली. तिला म्हटले, झाले ते डॉक्टरांना मोकळेपणी सांग. थांबावे तेव्हापासून फायदाच असतो. (रोज पिण्याची सवय असलेल्या बाईने मात्र एकाएकी न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.) दुसऱ्या दिवशी बाटली फडताळात नव्हती. कोठे गेली, ते आजीने सांगितले नाही.

यंदाच्या प्रश्नावलीत बायकांविषयीचा प्रश्न घालावा असे सरांना लिहून दिले आहे. त्या म्हातारीच्या अंगणात आधी जायचे आहे. तिची सून एव्हाना बाळंत झाली असेल.